बहात्तरच्या आत

"चप्पल काढा," सिस्टर म्हणाली.

मी चप्पल काढली.

"पर्स ठेवा."

पर्स ठेवली. मग माझं मीच घड्याळ काढलं, पाटल्या काढल्या, मंगळसूत्र सोडून जे काय सुटण्यासारखं होतं ते सगळं ह्यांच्या ओंजळीत दिलं आणि श्वास आत ओढून काट्यावर उभी राहिले.

"चौऱ्याऐंशी," सिस्टरनं खणखणीत आवाजात सांगितलं. बाहेर बाकावर बसलेल्या पंधरा-वीस जणांनाही कळलं असणार. आमचे हे छताकडे बघत होते. लग्नात मी अठ्ठेचाळीस होते, आणि त्यातलं एकेक किलो वाढताना ह्यांनीही माझ्याबरोबर बसून भजी खाल्ली होती, त्यामुळे बोलायला त्यांना तोंड नव्हतं.

डॉक्टरांनी माझे कागद चाळले. "रक्तगट जुळतो. बाकीचे रिपोर्ट चांगले आहेत. पण ताई, या वजनावर मी तुमची किडनी काढणार नाही."

"डॉक्टर, किडनी भावाला द्यायचीय. वजन माझं माझ्याकडंच ठेवणार आहे मी."

ते हसले नाहीत. "ऑपरेशन दोघांचं असतं. तुम्हाला भूल द्यायची, जखम भरायची, आणि पुढची सगळी वर्षं तुम्हाला एकाच किडनीवर काढायची आहेत. एका माणसाला बरं करायला मी दुसरा आजारी पाडत नाही. बहात्तरच्या आत या. त्या दिवशी तुमची फाईल पुढे पाठवतो."

"आणि तोवर जयसिंग?"

त्यांनी जयसिंगची फाईल उघडली, बंद केली. "डायलिसिससाठी हातात जी शीर तयार केलीय ना, ती दमत चाललीय. फार वाट बघू नका."

जयसिंग माझा धाकटा भाऊ, माझ्याहून सात वर्षांनी लहान. शिरोलीला एका कारखान्यात लेथवर होता. दोन वर्षांपूर्वी त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून तीनदा मशिनवर झोपायचं, दिवसाला मोजून तीन ग्लास पाणी प्यायचं. ठरलेलं लग्न मोडलं. आईनं पहिल्या दिवशीच आपली किडनी पुढं केली होती, पण तिला साखरेचा आजार, तिला दारातूनच परत पाठवलं. वडील नव्हते. राहता राहिले मी, मालन, वय वर्षं एकेचाळीस, राहणार इचलकरंजी, वजन चौऱ्याऐंशी.

बारा किलो कमी करायचे. मला वाटलं, त्यात काय मोठंसं? समोर श्रावण होता. मी ठरवलं, सोमवार, गुरुवार, शनिवार आणि दोन्ही एकादश्या. असा कडक श्रावण मी जन्मात केला नव्हता. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, चार वाजता राजगिऱ्याचे लाडू, संध्याकाळी बटाट्याचा कीस आणि वर दोन केळी. देवाच्या नावानं मी इतकं मनापासून खाल्लं की पोळ्यानंतर काट्यावर उभी राहिले तेव्हा शहाऐंशी भरले.

"एकादशी अन् दुप्पट खाशी म्हणतात ते काय उगाच नाही," हे म्हणाले आणि लगेच जीभ चावली, कारण मी पदरात तोंड घालून रडायला लागले होते. रडू फजितीचं नव्हतं. एक महिना गेला होता. जयसिंगच्या शिरेचा एक महिना मी खिचडीत घालवला होता.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दारात उभ्या राहून बघत होत्या. वय अडुसष्ट, अंगानं काटकी. किडनीचं ठरल्यापासून त्या एक अक्षरही बोलल्या नव्हत्या. त्यांच्या गप्प राहण्याची मला धास्ती होती. सून माहेरच्यासाठी शरीर कापून घ्यायला निघाली, हे कुठल्या सासूला रुचेल?

"ऊठ," त्या म्हणाल्या. "पदर खोच."

"काय झालं आत्याबाई?"

त्यांनी मधल्या खोलीतलं टेबल भिंतीला सरकवलं, लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं आणि चक्क फरशीवर उकिडव्या बसल्या. "ये समोर. बसफुगडी घाल."

बसल्या बसल्या उड्या मारत एकेक पाय आळीपाळीनं पुढं फेकायचा, म्हणजे बसफुगडी. पंचमीला लहान मुली घालतात. मी तीन घातल्या आणि चौथीला मागच्या मागं पडले. कपाटातली भांडी हलली. आत्याबाई न थांबता वीस घालून उठल्या. त्यांना धापसुद्धा लागली नव्हती.

"आज तीन झाल्या. उद्या पाच," त्या म्हणाल्या. "आन साबुदाणा ह्या घरात पुन्हा आला तर मी जाईन घराबाहेर."

त्या दिवसापासून मी त्यांच्या हाताखाली गेले. पहाटे साडेपाचला फुगडी, मग झिम्मा, मग घराच्या जिन्यावरून वीस वेळा वर-खाली. जेवायला एक ज्वारीची कोरडी भाकरी, पालेभाजी ताटभर, मोडाचे मूग, पातळ ताक. दिवस मावळायच्या आत चूल बंद. साखरेचा डबा त्यांनी आपल्या कॉटखाली नेऊन ठेवला. ह्यांना चहात साखर लागायची, तर हे आईच्या खोलीत जाऊन चोरासारखे चमचा भरून आणायचे.

पहिला महिना मी आत्याबाईंना मनातल्या मनात शिव्या दिल्या. गुडघे बोलत होते, मांड्या पेटत होत्या, आणि भडंगाच्या नुसत्या वासानं डोळ्यांत पाणी यायचं. पण दसऱ्याला ब्याऐंशी झाले. दिवाळीत सगळं घर चकल्या खात असताना मी काकडी चावत बसले आणि एकोणऐंशीवर आले. एक दिवस बसस्टँडवर कोल्हापूरची गाडी सुटत होती, मी धावले आणि पकडली. आत बसल्यावर लक्षात आलं की आपण धावलो. वीस वर्षांनी धावले होते मी. शेजारच्या बाईला सांगावंसं वाटत होतं, पण काय सांगणार?

एकदा फुगड्या झाल्यावर मी आत्याबाईंना विचारलंच. "तुम्हाला हे पटतंय का हो? मी किडनी देणं?"

त्या घाम पुसत होत्या. "मला भाऊ हुता," त्या म्हणाल्या. "आजारी पडला तवा त्यानं कागद धाडला, अक्काला एकदा बघू द्या म्हणून. माझ्या सासूनं तो कागद डब्यात ठिवला. तेरावं झाल्यावर दिला."

त्यांनी पदर पुन्हा खोचला. "चल, आजून धा राहिल्यात."

नाताळ होऊन गेला आणि मी पंचाहत्तरवर आले. राहिले तीन किलो. त्याच आठवड्यात जयसिंगची हातातली शीर बंद पडली. त्याच्या मानेत नळी घालून डायलिसिस सुरू केलं, आणि त्या नळीनं ताप आणला. आई एकटी त्याला घेऊन रिक्षानं ये-जा करत होती. मी जाणं भाग होतं. आत्याबाईंनी माझ्या पिशवीत वजनाचा काटा घातला. "जा. खरं फुगडी चुकवू नगो."

कोल्हापुरात तालमीच्या मागच्या गल्लीत आमचं घर. वडील पैलवान होते. आबांना मी पाहिलं ते कायम लंगोट वाळत घालताना नाही तर जेवताना. आणि आईला पाहिलं ते त्यांचा खुराक करताना. बदाम भिजवायचे, सोलायचे, पाट्यावर वाटायचे, लोणी कढवायचं, थंडाई घोटायची. वीस वर्षं तिनं तेच केलं. आबा मी बावीस वर्षांची असताना गेले, पण आईचा हात काही आखडला नाही. घरात आलेला माणूस आला त्यापेक्षा जड होऊन जायला हवा, अशी तिची जन्माची समजूत.

म्हणून मी गेल्या गेल्या हात जोडले. "आई, मला लाड नकोत. बहात्तरच्या आत जायचंय. काय चालतं ते मी सांगते, तू तेवढंच कर."

"सांग की," आई म्हणाली. "तू म्हणशील तसं."

आणि खरंच तिनं तसं केलं. एकच भाकरी, मुगाची आमटी, मेथी, दुध्या. संक्रांतीला तिळाची एकच वडी माझ्या हातावर ठेवली आणि दुसरीचा आग्रह केला नाही. माझंच मन भरून आलं. आपल्या आईनं स्वभाव बाजूला ठेवला, लेकासाठी आणि लेकीसाठी, असं मी ह्यांना फोनवर सांगितलंसुद्धा.

पहाटे मागच्या सोप्यात मी फुगड्या घालायची. दिवसाआड जयसिंगला घेऊन दवाखान्यात जायची. तो मशिनवर चार तास पडून असायचा, मी कॉरिडॉरमध्ये चालायची. आणि आठवड्यानं काट्यावर उभी राहिले तर पंचाहत्तर. दुसऱ्या आठवड्यात पंचाहत्तर. मी अर्धी भाकरी केली. तिसऱ्या आठवड्यात शहात्तर.

"अक्का, आता काट्यालाच उपाशी ठेव," जयसिंग म्हणाला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता, पण चेष्टा सुटली नव्हती.

मी गल्लीतल्या दुकानात धान्याच्या काट्यावर उभी राहून बघितलं. शहात्तर. मला स्वतःचाच संशय यायला लागला. झोपेत उठून खाते की काय मी? अंगातच काही बिघडलंय का? डॉक्टरांनी आता वजन बघायला मार्चची सहा तारीख दिली होती. जयसिंगला दुसऱ्यांदा ताप येऊन गेला होता आणि डॉक्टर त्याच्याविषयी बोलताना आता आमच्याकडं बघत नव्हते.

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. आमटीची वाटी अर्धी तशीच राहिली, मी तिच्यावर ताटली झाकली आणि पडले. पहाटे उठून व्यायामाला जागा करताना ती वाटी हाती आली. ताटली काढली तर आमटीवर पांढरी साय. मुगाच्या आमटीवर कुठली आली साय? बोटानं खरवडली. नखभर जाड तूप थिजलेलं होतं.

मी तशीच फळीकडं गेले. माझं भाकरीचं पीठ आई वेगळ्या डब्यात ठेवायची. डबा उघडला, मूठभर पीठ घेतलं, दाबलं आणि मूठ उघडली. करंजीच्या पिठाला मोहन घातल्यावर मुटका वळतो तसा तळहातावर मुटका झाला. नाकाशी नेला. बदाम.

आई अंगणातून बंब पेटवून आत आली.

"आई, हे काय आहे?"

"पीठ."

"मूठ वळतीय याची."

तिनं हातातली राखेची पाटी खाली ठेवली. "जरासं तूप हाय. चार बदाम. तोंड बघ तुझं, कसं वाळलंय ते."

एरवी मी तेवढ्यावर सोडून दिलं असतं. पण मी तिची लेक होते. "लाडानं घालतीस तर तू सांगून घालतीस. उभ्या जन्मात तू कुणाच्या पानात चोरून तूप वाढलं नाहीस. ओरडून वाढतीस. हे लपवलंस कशाला?"

ती राखेची पाटी पुन्हा उचलायला वाकली.

"आई, मला बहात्तर व्हायचंय. तुला माहीत आहे. मग कशाला?"

"म्हाईत हाय म्हणूनच," आई म्हणाली. चुलीपुढं बसली, माझ्याकडं पाठ करून. "सहा तारखेला तू काट्यावर हुबी ऱ्हाणार. डाक्टर न्हाई म्हणणार. मग आपल्यात कुणालाच न्हाई म्हणाय नगो."

मला आधी ते कळलंच नाही. कळलं तेव्हा हातातला मुटका फुटून पीठ पायावर सांडलं. मला तिचा भयंकर राग आला. पाच महिने घाम गाळून मी जे किलो-किलो उतरवत होते ते ही बाई पाट्यावर वाटून परत माझ्या अंगात भरत होती. पैलवान वाढवणारे हात होते ते. त्यांना कुणी काय शिकवायचं?

"आणि जयसिंग? तो मेला तर?"

"मशिन हाय की त्याला! धा-धा वर्सं जगत्यात म्हणं लोक."

"त्याच्या मानेत नळी आहे आई!"

"मला दिसत न्हाई व्हय?" ती इतक्या मोठ्यानं ओरडली की बाहेरची कोंबडी फडफडली. मग आवाज एकदम खाली आला. "तुझा बाप चालत गेला हुता आत. अंतर्गळाचं आपरेशन. उद्या घरी येतो, बदाम भिजवून ठेव म्हणाला. हसत गेला. तेवढा तगडा माणूस, टेबलावरनं उठला न्हाई. त्या पोराला आजार देवानं दिला, मालू. तू धडधाकट हाईस. तुला मी माझ्या हातानं तिथं निजवू?"

"मग नको म्हणायचं होतंस मला. तोंडावर."

"कसं म्हणू?" आई वळली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, तेच वाईट होतं. "नगो म्हटलं तर मी जयसिंगाची आई न्हाई. जा म्हटलं तर तुझी न्हाई. तूच सांग, कुणाची न्हाई हू?"

सोप्याच्या दारात जयसिंग उभा होता. केव्हापासून, कोण जाणे. भिंतीला धरून उभा होता.

"मी तर सहा महिने नको म्हणतोय," तो म्हणाला. "माझं कुणी ऐकतंय?"

"तू गप," मी आणि आई एकदमच म्हणालो.

मी आईजवळ खाली बसले. आता बसायला उठायला मला कष्ट पडत नव्हते, एवढं आत्याबाईंनी केलं होतं. "तू हो म्हणू नकोस, आणि नाहीही म्हणू नकोस," मी म्हणाले. "मला कुणी पाठवत नाही. माझी मी चाललीय. उद्या माझं काही बरंवाईट झालं तर ते माझ्या माथी, तुझ्या नाही. तू फक्त माझ्या पिठात हात घालू नकोस."

ती उठून जयसिंगला आत घेऊन गेली.

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मी गिरणीतून आपली ज्वारी दळून आणली, आपली भाकरी आपण थापली. एका चुलीवर दोन बायका पाठीला पाठ लावून स्वयंपाक करत होत्या. ते दोन दिवस मला फार जड गेले. मला तिचं कळत होतं. मलाही मुलगा आहे, पुण्याला शिकतो. पण कळलं म्हणून राग जातोच असं नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे मी सोप्यात बैठका काढत होते. फुगड्यांच्या जोडीला मी त्या नव्यानं धरल्या होत्या, आबांच्या जुन्या जागी उभी राहून. तिसापर्यंत मोजलं आणि श्वास लागला, आकडा चुकला. थांबले.

"एकतीस," स्वयंपाकघरातून आवाज आला.

मी बैठक काढली.

"बत्तीस."

काढली. आई दाराशी येऊन उभी राहिली. हाताला पीठ होतं. "टाच उचलू नगो. गुडघं जातील. नजर समोर ठेव, खाली बघू नगो. तेहतीस."

आबांच्या हजार-हजार बैठका तिनं इथंच उभं राहून मोजल्या होत्या. माझ्या साठ मोजल्या आणि म्हणाली, "पुरं. उद्या ऐंशी." आणि आत गेली. जेवताना माझ्या ताटात तिनं आपल्या हातानं भाकरी वाढली. मी ती मोडली. कोरडी ठणठणीत होती. आम्ही दोघीही खाली मान घालून जेवलो, कारण बघितलं असतं तर दोघींनाही रडू आलं असतं.

मग कळलं की पैलवानाचं वजन वाढवायचं जिला येतं तिला ते उतरवायचंही येतं. कुस्तीची जोड ठरली आणि आबा वजनगटाच्या वर गेले की आईच त्यांना खाली आणायची. "रात्रीची भाकरी बंद. मुगाचं कढण पी. दुपारचं जेवण चावून चावून, एका घासाला बत्तीस येळा. जेवल्यावर निजायचं न्हाई, रंकाळ्याला फेरी मार." ती स्वतः माझ्याबरोबर फेरीला यायची. मी झपझप पुढं, ती मागून पदर सावरत. कुणी ओळखीचं भेटलं आणि "मालन किती वाळली गं" म्हणालं, तर आई म्हणायची, "वाळली न्हाई. तयारी चाललीय तिची." कसली तयारी ते मात्र सांगायची नाही.

सहा मार्चला दवाखान्यात तीच सिस्टर होती. मी चप्पल काढली, पर्स ठेवली. घड्याळ काढायचं विसरले.

"एकाहत्तर सहाशे," सिस्टर म्हणाली.

डॉक्टरांनी काट्याकडं दोनदा बघितलं आणि पहिल्यांदाच हसले. फाईल पुढं गेली. मग किडनी द्यायला परवानगी देणाऱ्या समितीपुढं बसलो. त्यांनी ह्यांना विचारलं, तुमची हरकत आहे का? हे म्हणाले, "हरकत घ्यायला माझी आई देणार नाही." आत्याबाई बाहेर बाकावर ताठ बसून होत्या. आईला कुणी काही विचारलं नाही. मी मनातून सुटले.

पुढं सगळं नीट पार पडलं, हे आत्ताच सांगून टाकते. त्याला आता सतरा वर्षं झाली. जयसिंगचं स्वतःचं लेथ आहे, उशिरा का होईना लग्न झालं, पोटभर पाणी पितो. मी चौऱ्याहत्तर-पंचाहत्तरच्या मधे असते, आणि पहाटेची फुगडी चुकवत नाही. आत्याबाई गेल्या. आई आहे. पण मला सांगायची आहे ती ऑपरेशनच्या दिवशीची सकाळ.

मला दुसऱ्या मजल्यावर ठेवलं होतं, जयसिंगला चौथ्या. आधी देणाऱ्याला आत नेतात, मग घेणाऱ्याला. आदल्या दिवशी मी आईला बजावलं होतं, "माझ्याजवळ हे आहेत, आत्याबाई आहेत. तू वरच थांब. त्याला तुझी गरज आहे." ती बरं म्हणाली होती. मला ते बरं म्हणणं थोडं लागलं, हे कशाला लपवू? पण मीच सांगितलं होतं.

सकाळी सातला वॉर्डातले मामा स्ट्रेचर घेऊन आले. ह्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. आत्याबाई म्हणाल्या, "सरळ जा, सरळ ये." स्ट्रेचर लिफ्टपाशी नेलं. लिफ्ट वरून खाली आली आणि दार उघडलं. आत आई उभी होती.

"तू इथं? जयसिंगजवळ कोण?"

"कुणी न्हाई," आई म्हणाली. "त्याला सांगून आले."

ती बाजूला सरकली. मामांनी स्ट्रेचर आत घेतलं. लिफ्टमध्ये तिनं माझा हात धरला, अगदी घट्ट, तालमीच्या मातीत घसरू नये म्हणून धरतात तसा. ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत ती बरोबर चालत आली. ज्या दारातून आबा परतले नव्हते तसलंच दार होतं ते, आणि ती त्याच्या समोर स्वतःच्या पायांनी आली होती.

दाराशी हिरव्या टोपीतली सिस्टर हातात कागद घेऊन उभी होती. एकाच दिवशी दोन पेशंट आत जायचे, दोघांचं आडनाव वेगळं, नातेवाईक दोन बाजूंना बसवायचे, तिचीही घाई होती.

"आजी, इथून पुढं नाही," ती म्हणाली. "कागदावर लिहायचंय. तुम्ही कुणाकडच्या? किडनी देणारीकडच्या की घेणाऱ्याकडच्या?"

आईनं माझा हात सोडला नाही.

"आई," ती म्हणाली.

"हो, पण कुणाच्या बाजूच्या?" सिस्टरनं पेन टेकवून पुन्हा विचारलं.

आईनं पुन्हा तेवढंच सांगितलं.